सावलीतली कॉफी शिमग्याला मान का टाकते?

लक्षणं अशी असतात. झाडं रोबस्टा जातीच्या कॉफीची, वय चार वर्षांच्या पुढे. वर माड, पोफळ (सुपारी) नाहीतर गिरिपुष्पाची (ग्लिरिसिडियाची) सावली. ठिबक किंवा पाटाचं शिंपण चालू. जानेवारीपर्यंत बाग हिरवीगार असते. शिमग्याचे ढोल ऐकू यायला लागले की दुपारी पानं लोंबतात, फांद्यांच्या पेरांवरच्या कळ्या तपकिरी होऊन हाताला लागताच गळतात. घाबरून पाणी वाढवलं की आठ दिवस बरं दिसतं, मग पुन्हा तेच. जूनमध्ये पाऊस लागला की आपण आजार विसरतो, आणि पुढच्या शिमग्याला तो पुन्हा दारात.

आमच्याकडे हे लागोपाठ तीन वर्षं झालं. बाग सावंतवाडी तालुक्यात, सह्याद्रीच्या पायथ्याला. खाली व्हाळाच्या (ओढ्याच्या) काठी सासऱ्यांच्या वेळची पोफळीची बाग, तिच्या वर जांभ्याचा उतार आणि त्यावर माड. या दोन्ही तुकड्यांत मिळून रोबस्टाची १८० झाडं. मागच्या दोन वर्षांत ओळखीच्या पाच-सहा जणांनी हाच प्रश्न विचारला, आणि प्रत्येक वेळी फोनवर अर्धा तास जातो, म्हणून एकदाच लिहून ठेवते आहे.

आधी माझ्या चुका, कारण बहुतेक जण याच क्रमाने जातात.

पहिल्या वर्षी वाटलं पाणी कमी पडतंय. ठिबकचा वेळ दुप्पट केला. पोफळीतल्या झाडांची पानं पिवळी पडायला लागली, उतारावरची मात्र तशीच लोंबत राहिली. दुसऱ्या वर्षी एका सल्लागाराने बाग बघितली, उन्हात डोळे बारीक केले आणि सांगितलं, "सावली वाढवा, कॉफी सावलीचंच झाड आहे." मग गिरिपुष्प छाटायचं थांबवलं आणि बांधावरची ऑस्ट्रेलियन बाभूळ हवी तशी वाढू दिली. खाली गारवा खरंच वाढला. दुपारी तिथे बसून चहा प्यायला मजा यायची. तिसऱ्या वर्षी कॉफीने मान टाकली ती फेब्रुवारीच्या पहिल्याच आठवड्यात, म्हणजे आधीपेक्षा तीन आठवडे लवकर.

शिंपणाला येणारे काका तेव्हा आळ्यापाशी उकिडवे बसले होते. बोटाने माती उकरत म्हणाले, "वयनी, पाणी तुमी कॉफीक घालतास, पण पिता कोण ता बघलास काय?"

बघितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी पहार आणि टिकाव घेऊन उतारावरच्या सगळ्यात वाईट झाडाचं आळं एका बाजूने उकरलं. वीतभर खोलीपर्यंत कॉफीची बारीक, फिकट मुळं दिसली, अपेक्षेप्रमाणे. पण त्यांच्यामधून, अगदी ठिबकच्या थेंबाखाली, तपकिरी मुळांचं जाळं पसरलेलं होतं, काथ्याच्या गुंत्यासारखं. त्यातलं एक मूळ धरून माग काढत गेलो. करंगळीएवढं जाड होत होत ते सरळ बांधाकडे निघालं, बाभळीच्या बुंध्यापर्यंत. मधलं अंतर सहा पावलांचं. मी तीन वर्षं बाभळीला ठिबक करत होते.

सावली पाणी वाचवते की पिते?

दोन्ही करते, आणि सगळा घोळ इथेच आहे. कॉफीच्या पानाला पूर्ण ऊन लागतच नाही. त्याच्या साधारण एक तृतीयांश उजेडात त्याचं काम भागतं. वरचं ऊन फक्त पान तापवतं. सावलीत पानाचं तापमान काही अंशांनी उतरतं, वारा पडतो, हवेतला ओलावा टिकतो, त्यामुळे तेवढ्याच पानातून कमी पाणी उडतं. जमिनीवर पातेरा, म्हणजे गळलेला पाला पडतो, तो मातीतून उडणारं पाणी अडवतो. ही सगळी जमेची बाजू, आणि ती डोळ्यांना दिसते.

खर्चाची बाजू जमिनीखाली असते. सावलीचं झाडही पाणी पितंच, आणि मोठं झाड मोठ्या तोंडाने पितं. कोस्टारिकामध्ये कॉफीच्या बागांत झाडांच्या खोडातून वाहणारं पाणी मोजलं गेलं आहे. तिथे सावलीतली कॉफी स्वतः कमी पाणी वापरत होती, पण कॉफी आणि वरची झाडं मिळून त्या जमिनीतून उघड्या कॉफीपेक्षा जास्त पाणी जात होतं. पावसाचं पाणी भरपूर असलेल्या जागी हा तोटा नव्हे, कारण ते नाहीतरी वाहूनच जाणार असतं. आपल्याकडे जुलैत कोण पाणी मोजतो? पण मार्चमध्ये विहिरीचा तळ दिसायला लागल्यावर हाच हिशेब जिवावर येतो.

मग सगळंच सावलीचं झाड चोर का? नाही. कॉफीची, त्यातही रोबस्टाची, अन्न-पाणी घेणारी बहुतेक मुळं वरच्या फूटभर मातीत असतात. सावलीचं झाड जर त्याखालून पाणी उचलत असेल तर दोघांचं भांडण नाही. मेक्सिकोतल्या कॉफीत कोरड्या महिन्यांत असंच दिसलं होतं, कॉफी वरच्या थरातलं पाणी घेत होती आणि सावलीची झाडं खालचं. सिल्व्हर ओकबद्दल तर असंही सिद्ध झालंय की त्याची मुळं ओल्या थरातलं पाणी कोरड्या थरात नेऊन सोडतात. पण जांभ्यावर खाली जायला जागाच नसेल, दोन फुटांवर चिरा (जांभ्याचा सलग दगड) लागत असेल, तर खोल मुळांचं झाडही आडवं पसरतं आणि कॉफीच्या ताटात जेवायला बसतं. कर्नाटकातल्या कोडगूच्या कॉफीमळ्यांतली, खोल मातीतली सावली आणि आमच्या उतारावरची सावली वरून सारखी दिसली तरी खालून एक नाही.

सावली वाढवायचा कोडगूचा सल्ला आपल्याकडे आणखी एका कारणाने फसतो. तिथे मळे साधारण ८०० ते १,१०० मीटरवर, आणि मार्च-एप्रिलमध्ये वळवाच्या सरी बऱ्याचदा येतात. सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पण जवळपास सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. दिवाळीनंतर सकाळी घाटावरून कोरडा वारा उतरतो आणि पुढचे सात महिने आभाळाकडून काही मिळेल असं धरायचं नाही. महाराष्ट्रात कॉफी म्हटलं की चिखलदऱ्याचं नाव निघतं, पण ते सातपुड्यात, हजार मीटरच्या वर आहे. समुद्रसपाटीजवळच्या आपल्या रोबस्टाला त्या दोन्हींचा दाखला लावता येत नाही.

रोग ओळखायचा कसा

औषधाच्या दुकानात जायच्या आधी दोन दिवस हे करा. खर्च शून्य.

पहिली तपासणी पहाटेची. दुपारी दोनला कॉफीची पानं लोंबलेली दिसणं हा पुरावा नव्हे. हवा फार तापली, कोरडी झाली की कॉफीचं पान मुळाशी पाणी असूनही आपली छिद्रं मिटून घेतं. चार तास गप्प बसतं आणि सूर्य कलला की सावरतं. म्हणून बॅटरी घेऊन पहाटे साडेपाच-सहाला, ऊन यायच्या आत जा. पानं ताठ असतील तर माती ठीक आहे, त्रास वरून, उन्हाचा आणि वाऱ्याचा आहे. पहाटेही पानं ओल्या फडक्यासारखी लोंबत असतील तर रात्रभरात मुळांना पाणी मिळालेलं नाही, त्रास खालून आहे. झाडांना रंगीत दोऱ्या बांधून ठेवा, पहाटेही लोंबलेल्यांना लाल आणि ताठ असलेल्यांना हिरवी. आमच्या १८० पैकी ४१ झाडांना लाल दोरी लागली, आणि त्यातली ३० एकाच बांधालगत होती. तेवढ्यावरून खरं म्हणजे मला आधीच कळायला हवं होतं.

आता लाल दोरीच्या झाडाशी उकरा. वीतभर खाली, मग फूटभर, मग दोन फूट. प्रत्येक थरातली माती मुठीत दाबा. गोळा झाला आणि बोटाने टोचल्यावर फुटला, तर ओल बेताची. गोळाच होत नसेल तर कोरडी. मूठ दाबल्यावर बोटांतून पाणी आलं, तर तुमची अडचण तहानेची नाही, उलटी आहे: मुळं गुदमरताहेत. पाटाने शिंपलेल्या पोफळीत हे फार होतं. दाट सावलीत पाणी उडत नाही, आळं भरलेलं राहतं, आणि बुडालेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत म्हणून पानं लोंबतात. वरून तहानेसारखंच दिसतं. पहिल्या वर्षी पोफळीत पानं पिवळी पडली ती याचमुळे. तिथे मी पाणी निम्मं केलं आणि झाडं सुधारली.

वरची वीत ओली आणि खालचा फूट कोरडा, असंही दिसेल. ते रोज थोडं-थोडं पाणी देण्याचं फळ. पातेरा जाड असला तर पाच लिटर पाणी त्यातच जिरतं, मातीला कळतसुद्धा नाही. शिंपायच्या आधी पातेरा हाताने बाजूला करा, नंतर परत ओढा. कंटाळवाणं काम आहे, पण मार्चमध्ये याच एका गोष्टीने सगळ्यात जास्त फरक पडला. पातेरा खोडाला मात्र भिडवू नका, वाळवी चढते.

मग मुळं बघा, हे महत्त्वाचं. माडाचं मूळ ओळखायला सोपं: दोरीसारखं, सगळीकडे सारख्याच जाडीचं, लालसर तपकिरी. पोफळीचं त्याच वळणाचं पण बारीक. गिरिपुष्प आणि बाभळीच्या मुळांवर शोधलंत तर बारीक गाठी सापडतात. ज्याची मुळं सापडतील त्याच्याशी काय करायचं ते पुढे येतं.

आणि एक डब्यांचा खेळ, मुलांना द्या. सरळ बाजूंचे सारखे डबे घ्या, एक उघड्यावर, बाकीचे वेगवेगळ्या झाडांखाली. वळवाची सर आली की बघा. मागच्या मे महिन्यात आमच्या अंगणातल्या डब्यात दोन बोटं पाणी होतं आणि फणसाखालच्या डब्याचा तळ जेमतेम ओला. हलकी सर दाट झाड वरच्यावर झेलतं आणि तिथूनच ती उडून जाते. "काल पाऊस झाला ना, आज शिंपण नको" असं फणसाखालच्या कॉफीला सांगण्यात अर्थ नसतो.

कोणाची सावली, कोणत्या महिन्यात

सावली किती टक्के हवी, हा प्रश्न सगळे विचारतात. मी आता उलट विचारते: फेब्रुवारीत कोणाची, आणि तो पितो कुठून?

पांगारा बघा. कॉफीच्या मळ्यांतलं जुनं सावलीचं झाड, मिरीही त्यावर चढते. पण आपल्याकडचा पांगारा नेमका जानेवारी-फेब्रुवारीत पानं टाकतो आणि लाल फुलून उभा राहतो. पानं नाहीत म्हणून तेव्हा पाणीही फार पीत नाही, ही मेहेरबानी. पण ऐन गरजेला छत्री मिटलेली. गिरिपुष्पाचंही तसंच, त्याचा गुलाबी बहर आणि उघड्या फांद्या याच दिवसांत. यावर एक युक्ती आहे: पावसाच्या शेवटी, सप्टेंबरात, गिरिपुष्पाची टाळ (पाल्यासकट फांद्या) तोडली की नवा फुटवा कोवळा असतो, तो फुलायच्या नादाला लागत नाही आणि उन्हाळ्यातही पानं धरून ठेवतो. तोडलेली टाळ कॉफीच्या आळ्यात घाला, खताचं काम होतं. पण सगळी ओळ अशी करू नका. हिरवं गिरिपुष्प उन्हाळ्यात पिणारं गिरिपुष्प असतं. आम्ही पश्चिमेकडची एक ओळ अशी ठेवतो, जिकडून दुपारचं ऊन येतं, बाकीची झोपू देतो.

माड हा मला सगळ्यात समंजस शेजारी वाटतो. त्याची बहुतेक मुळं बुंध्यापासून दोन मीटरच्या आत असतात, म्हणून कॉफी त्याच्या बाहेर लावली की दोघांचं जमतं. पंचवीस वर्षांच्या पुढचा उंच माड झिरझिरीत, सरकती सावली देतो आणि रोबस्टाला तेवढी विरळ सावली पुरते. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने नारळात जायफळ, दालचिनी, मिरी घेण्याची लाखी बागेची पद्धत पसरवली, तिचं गणितही याच जागेवर उभं आहे. कॉफी त्यात बसते.

पोफळीबद्दल माझं मत थोडं कडवट आहे, ते खाली येईल. फणस आणि आंबा सदाहरित, मुळं खोल, झाडं चांगली. पण खालच्या फांद्या डोक्याच्या बरंच वर उचलून घ्या, नाहीतर काळोखात कॉफी उंच आणि वांझ होते. उंबर व्हाळाच्या काठी असेल तर त्याला हात लावू नका, त्याचं पाणी त्याने स्वतः शोधलेलं असतं. काजू कॉफीच्या जवळ नको, त्याची मुळं अंगणभर पसरतात.

ऑस्ट्रेलियन बाभूळ. सामाजिक वनीकरणाच्या काळापासून कोकणात रस्तोरस्ती आणि बांधोबांधी ती उभी आहे. तिचं पान म्हणतो ते खरं तर चपटं झालेलं देठ असतं. ते वर्षभर हिरवं राहतं, याचा अर्थ ती वर्षभर पिते. जळणाला छान. कॉफीच्या दहा मीटरच्या आत मला ती दिसायला नको.

आमच्या बांधावरच्या सात बाभळी आम्ही काढल्या. पण केव्हा, ते ऐका. मार्चमध्ये रागाच्या भरात कुऱ्हाड घेऊ नका. सावलीत वाढलेल्या पानावर एकदम ऊन पडलं की ते दोन दिवसांत भाजून तांबडं होतं. आम्ही मृगाचा पाऊस लागल्यावर तोडल्या, म्हणजे कॉफीला नवी पानं उजेडात धरायला चार ढगाळ महिने मिळाले. पलीकडच्या शेजाऱ्यांच्या बाभळी तशाच आहेत. शेजाऱ्याच्या झाडाला हात लावायचा नसतो हे कोकणात सांगायला नको, बांधावरून पिढ्यान्‌पिढ्या कोर्टाच्या तारखा चालतात. म्हणून आमच्या हद्दीत, बांधापासून दोन पावलं आत, दीड फूट रुंद आणि अडीच फूट खोल चर मारला. मुळं तोडली, आणि चर नारळाच्या सोडणांनी भरला, पोकळ बाजू वर करून, थरावर थर. ती पावसात पाणी भरून घेतात. हा चर कायमचा नव्हे. दोन वर्षांनी टोकदार फावड्याने पुन्हा मुळं तोडावी लागतात, कारण सोडणातल्या ओलीचा वास बाभळीलाही लागतोच.

फूल येतं पण धरत नाही, त्याचं काय

हा त्याच दुखण्याचा दुसरा भाग आहे आणि मला कळायला जास्त वेळ लागला.

कॉफीला फुलण्याआधी तहान लागते. शब्दशः. पाऊस संपल्यावर पेरांवर कळ्या तयार होतात आणि कोरड्या दिवसांत झोपून राहतात. मग एकदम भरपूर पाणी पडलं की सगळ्या एकत्र जाग्या होतात आणि रोबस्टा आठवडाभरात फुलतो, पांढराशुभ्र, मोगऱ्यासारख्या वासाचा, दोन-तीन दिवस. कर्नाटकात हे काम वळवाची सर करते, ती आली नाही तर मळेवाले स्प्रिंकलर लावतात. २५ ते ४० मिलिमीटर लागतं. अर्धवट पाणी मिळालं तर कळ्या अर्ध्यावर जागतात, मेणबत्तीसारख्या लांबट होऊन थांबतात आणि उन्हाने तपकिरी पडतात. वर लिहिलेल्या गळणाऱ्या कळ्या बहुतेक याच. बाभळीच्या मुळांनी निम्मं पाणी उचललं की २५ मिलिमीटरचे १२ होतात, आणि कॉफीच्या दृष्टीने १२ मिलिमीटर हे शून्यापेक्षा वाईट.

आता पोफळीकडे या. ठिबकने पोफळीला उन्हाळ्यात दिवसाला पंधरा-वीस लिटर द्यावं लागतं, खंड पडला की शिपुटं (फुलांचे तुरे) करपतात. त्याच आळ्याच्या कडेला असलेल्या कॉफीला तहान लागणार कधी? ती डिसेंबरपासून मेपर्यंत थोडी-थोडी फुलत राहते. बघायला वाटतं वा, बारमाही! पण रोबस्टाला फळ धरायला दुसऱ्या झाडाचे परागकण लागतात. आज हे झाड चार फुलं काढतंय, परवा ते दुसरं, मधमाशीने काय जुळवायचं? जी फळं धरतात ती वेगवेगळ्या महिन्यांत पिकतात, आणि काही तर पावसात, जेव्हा ती वाळवायला अंगणात कोरडी जागा नसते. म्हणून पोफळीत कॉफी लावा असं मी कोणाला सांगत नाही. हिरवी राहील, मिरवेल, पोतं भरणार नाही. आमची पोफळीतली साठ झाडं आहेत तशी आहेत, घरच्या कॉफीपुरतं देतात.

माडातल्या झाडांना मात्र तहान लावता येते, पण ठिबकची वेगळी नळी आणि वेगळा व्हॉल्व्ह असेल तरच. तोडणी जानेवारीत आटोपली की मोठ्या झाडांचं पाणी आम्ही हळूहळू कमी करतो. किती कमी? पहाटेची बॅटरी इथे कामाला येते. दुपारी लोंबलं आणि पहाटे ताठ, तर तहान बरोबर आहे, सोसू द्या. पहाटेही लोंबलं की त्याच दिवशी थोडं पाणी, वाट बघायची नाही. जांभ्याच्या उतारावर कर्नाटकासारखं दोन-अडीच महिने पूर्ण कोरडं ठेवायचं धाडस करू नका, झाडंच जातील. तीन वर्षांखालच्या रोपांना तर तहानेचा प्रयोग नकोच.

मग फेब्रुवारीअखेर एकदाच भरपूर. हिशेब सोपा आहे, एक मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. तीन बाय तीन मीटरवर लावलेल्या झाडाची जागा नऊ चौरस मीटर, त्यावर ३० मिलिमीटर म्हणजे झाडामागे २७० लिटर. मी हा आकडा पहिल्यांदा काढला तेव्हा काकांनी विहिरीकडे बघितलं आणि काही बोलले नाहीत. माडातल्या १२० झाडांना ३२,४०० लिटर होतात. एका दिवसात आमची विहीर एवढं देत नाही, म्हणून चाळीस-चाळीस झाडांचे तीन तुकडे केले, प्रत्येकाला १०,८०० लिटर, मधे चार दिवस विहीर भरू द्यायची. तुकडे सलग जागेचे पाडा, इकडचं एक तिकडचं एक नको. शेजारची झाडं एकत्र फुलली पाहिजेत. पाणी बुटक्या स्प्रिंकलरने, पानांच्या छताखालून देतो. डबे तेव्हाही मांडतो आणि डब्यात तीन सेंटिमीटर भरेपर्यंत पंप बंद करत नाही. तास मोजून पाणी देण्यात काही राम नाही, वीज कमी दाबाची असली की तासाचा अर्थच बदलतो.

स्प्रिंकलर नसेल तर दीड मीटर व्यासाच्या आळ्यात पन्नास-पंचावन्न लिटर एकदम द्या. तेवढ्या वर्तुळापुरते ते ३० मिलिमीटर होतात. बाहेरची मुळं कोरडी राहतात, फूल थोडं कमी येतं, पण एकत्र येतं.

फुलं गळून गेल्यावर पंधरा ते वीस दिवसांनी दुसरं पाणी, पहिल्यापेक्षा कमी चालेल. हे चुकलं तर बारीक फळ काळं पडून गळतं आणि आपण उगाच बुरशीनाशक फवारत बसतो.

बुरशीवरून आठवलं. उन्हाळ्यात सावली टिकवायची म्हणून वर्षभर दाट ठेवू नका. मे संपता संपता खालच्या फांद्या उचला, वाढलेली टाळ काढा. आपल्या पावसात दाट सावलीखाली कॉफीची पानं चार महिने सुकतच नाहीत आणि काळी कुज लागते. कर्नाटकात तिलाही कोळेरोगच म्हणतात. पोफळीच्या कोळेरोगाशी तिचा नावापलीकडे संबंध नाही, बुरशी वेगळी आहे. पण दोघींनाही थांबलेली ओल आवडते.

या वर्षीची स्थिती. चर मारून दोन पावसाळे झाले. शिमग्यात पहाटे फेरी मारली तेव्हा लाल दोरीची झाडं ४१ वरून नऊवर आली होती. माडातले तीन तुकडे चार-चार दिवसांच्या अंतराने फुलले. उरलेल्या नवांपैकी पाच शेजाऱ्यांच्या बाभळीसमोर आहेत, तिथे चराच्या तळाला चिरा लागला होता म्हणून खोली दीड फूटच मिळाली. मुळं बहुधा चिऱ्याच्या भेगेतून आली असणार. बाकीची चार फणसाखाली. तिथे ओल आहे, दुसऱ्या झाडाची मुळं आत घुसलेली नाहीत, तरी पहाटे पानं लोंबतात. काका म्हणतात कॉफीच्या मुळालाच पिठ्या ढेकूण (रस शोषणारी पांढरी कीड) असेल, उकरून बघूया. येत्या रविवारी उकरणार आहोत.